बधिर हात दुखतो, हे आधी मान्य करा

प्रति,
वैद्यकीय अधिकारी, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका,
ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली.

विषय : हाताच्या नसांना गंभीर इजा झालेल्या रुग्णांच्या वेदनेवर आणि भीतीवर तालुक्याच्या ठिकाणीच उपचार सुरू करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मोटारसायकलवरून पडलेला तरुण. डोकं वाचलेलं असतं, पण पडताना खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ताणली गेलेली असते. हाड मोडलेलं असेल तर ते बसवलं जातं. तिसऱ्या आठवड्यात तो तुमच्या ओपीडीत येतो तेव्हा हात गळ्यातल्या झोळीत लुळा लोंबत असतो. फाईलवर लिहिलेलं असतं : ताकद शून्य, संवेदना नाही. खाली डायक्लोफिनॅक, बी-१२ आणि कॅल्शियमच्या गोळ्या, पुढची तारीख दीड महिन्यानं. तो सांगतो, "साहेब, हात नुस्ता पेटलाय, मधीच करंट मारूलालाय." तुम्ही टाचणी टोचून पाहता, त्याला कळत नाही. मग खोलीत एक विचित्र शांतता पसरते. टोचलेलं कळत नाही तो हात दुखेल कसा? असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतो आणि तो नेमका त्याला वाचता येतो. तिथून पुढे तो वेदना सांगायचं बंद करतो.

हे पत्र त्या क्षणाबद्दल आहे. आम्ही अशा रुग्णांवर रोज काम करणारे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वेदनेचे डॉक्टर आहोत. मोठी शस्त्रक्रिया तालुक्यात होणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण वेदना आणि भीती या दोन्हींवर पहिल्या महिन्यात जे करायला हवं, त्यातलं बहुतेक सगळं तुमच्या टेबलावरून होऊ शकतं.

आधी बधिर हात का दुखतो ते. मानेतून हाताकडे नसांची पाच मुळं येतात, सी-५ ते टी-१. वाऱ्यानं ऊस आडवा पडतो, तो काही दिवसांनी आपसूक सरळ होतो. नस नुसती ताणली गेली असेल तर तसं होतं. ऊस मधूनच तुटला तर बुडखा जमिनीत राहतो. नस अशी तुटली असेल तर दुसरीकडची नस मध्ये टाकून ती जोडता येते. पण ऊस मुळासकट उपटला गेला, तर खोडवा फुटायला जमिनीत काही उरतच नाही. नसेचं मूळ मज्जारज्जूतून असं उपटलं जातं, त्याला अव्हल्शन म्हणतात. तेव्हा हातातून कोणताच संदेश वर जात नाही. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी तो संदेश घ्यायला बसलेल्या असतात, त्या गप्प बसत नाहीत, आपल्या आपणच पेटत राहतात. मेंदूला वाटतं, हात जळतोय. म्हणजे टोचलेलं न कळणं आणि हात पेटणं या एकाच इजेच्या दोन बाजू आहेत. रुग्ण खोटं बोलत नाही, त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही आणि घरी कुणी कुजबुजत असेल तशी ही भानामतीही नाही.

या वेदनेची चाल ओळखीची असते. खाली सतत आग किंवा चिरडल्यासारखा ठणका, आणि त्यावर अधूनमधून काही सेकंदांची सळक, विजेच्या झटक्यासारखी. रात्री जास्त, थंडीत जास्त, कामात गुंतलेलं असताना कमी. बऱ्याच जणांना हात मूठ आवळून बसलाय, नखं तळव्यात रुतलीत असं वाटतं, आणि समोर पाहावं तर बोटं सैल पडलेली. ही गोष्ट रुग्ण स्वतःहून सांगत नाही, लोक वेड्यात काढतील म्हणून. तुम्हीच विचारा : "हात आवळलेला वाटतो का?" विचारल्यावर त्याचे खांदे कसे खाली येतात ते पाहा.

शिवाय ही वेदना निदानालाही उपयोगी पडते. पूर्ण बधिर झालेल्या पंजात लवकर सुरू झालेली तीव्र आग हे मूळ उपटलं गेल्याचं एक लक्षण आहे. सोबत टॉर्च घेऊन दोन मिनिटं द्या. त्याच बाजूच्या डोळ्याची पापणी थोडी उतरलीय का, बाहुली बारीक झालीय का? असेल तर टी-१ चं मूळ गेलं असण्याची शक्यता मोठी. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात बोटानं टकटक करा. मुंग्या हातात उतरल्या तर ते मूळ मज्जारज्जूला अजून जोडलेलं असू शकतं, म्हणजे जोडणीला वाव आहे. काहीच उतरलं नाही तर काळजी वाढते. ज्यानं वेदनेवर विश्वास ठेवला नाही, त्याच्या हातून हा धागाही निसटतो.

आता औषधं. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून थोडं सविस्तर. डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल नसेच्या वेदनेवर चालत नाहीत. महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅक दिलं तर पोट आणि किडनी मात्र खराब होऊ शकते. नसेच्या वेदनेवरचं गॅबापेन्टिन सुरू करायचं असेल तर रात्री ३०० मिलिग्रॅम, तीन दिवसांनी सकाळ-रात्र, पुढे दिवसातून तीनदा, आणि सोसेल तसं वाढवत बहुतेकांना दिवसभरात मिळून १८०० मिलिग्रॅमच्या आसपास. नेमकी चूक होते ती अशी : ३०० ची एकच गोळी दोन महिने चालते, फरक पडत नाही, आणि फाईलवर 'औषधाला दाद नाही' असं लिहिलं जातं. दाद द्यायला औषध पुरेसं पोचलेलंच नसतं. पुरेशा मात्रेवर निदान तीन-चार आठवडे थांबायला हवं. वय जास्त असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पाहून मात्रा कमी ठेवा. औषध अचानक तोडू नका, उतरवायचं असेल तर आठवड्या-आठवड्यानं उतरवा. सुरुवातीला गुंगी येते आणि चक्कर येते, तेवढ्यावर रुग्ण पाचव्या दिवशी गोळी फेकून देतो. हे आधीच सांगितलं तर फेकत नाही.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन स्वस्त आहे आणि झोपेला मदत करतं. १० मिलिग्रॅमपासून, झोपायच्या दोन तास आधी, म्हणजे सकाळचं जडपण कमी राहतं. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची गडबड किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर देऊ नका. ही गोळी इथे नसेच्या वेदनेसाठी आहे, हे रुग्णाला नीट समजावून द्या. मेडिकलवाला हमखास म्हणतो, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे," आणि घरी गेल्यावर ती कपाटात जाते. यासोबत ट्रॅमाडॉल देताना सावध राहा, फिट येण्याचा धोका वाढतो. आणि दारूबद्दल स्पष्ट विचारा, लाजू नका. रात्रीची आग विझवायला क्वार्टर हा मराठवाड्यातला सर्रास उपाय आहे, आणि या गोळ्यांबरोबर तो श्वास मंदावू शकतो.

सळक येते तेव्हा काय करायचं हे कुणी शिकवतच नाही. ती काही सेकंदांचीच असते, पण येईल येईल या धास्तीनं रुग्ण दिवसभर मान आणि खांदा आवळून धरतो, आणि त्यानं बाकीचं दुखणं वाढतं. त्याला सांगा : चांगल्या हातानं दुखऱ्या दंडाच्या वरच्या भागाला, जिथे स्पर्श कळतो तिथे, घट्ट पकडायचं. श्वास चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर, ओठ चंबूसारखे करून. पाय जमिनीवर दाबायचे. तीन श्वासांत झटका ओसरतो. हे दुखत नसताना दिवसातून पाच-सहा वेळा घोकून ठेवायला लावा, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही.

टेन्स मशीन (कातडीवरून हलका करंट देऊन वेदना कमी करणारं यंत्र) असेल तर त्याच्या पट्ट्या बधिर पंजावर लावू नका. तिथून संदेश वर जायला रस्ताच नाही आणि कातडी भाजली तरी कळणार नाही. एक पट्टी मानेच्या बाजूला, खांद्याकडे उतरणाऱ्या भागावर, आणि दुसरी काखेजवळ दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे बहुतेकांना स्पर्श शाबूत असतो. गळ्याच्या पुढच्या भागावर कधीच नाही, पेसमेकर असेल तर मुळीच नाही. दहा मिनिटं लावून 'काही होत नाही' म्हणू नका. दिवसातले काही तास, दोन आठवडे लावून मग ठरवा.

आरशाला खर्च जवळजवळ नाहीच. साधारण दीड बाय दोन फुटांचा, कडा घासलेला. तो दोन्ही हातांच्या मध्ये उभा ठेवायचा, लुळा हात आरशामागे, चांगला हात पुढे. चांगल्या हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढायचं, कारण आरशातला हात 'आपला' वाटायला हवा. मूठ आवळल्यासारखी वाटत असेल तर चांगल्या हाताची मूठ आवळायची आणि आरशात बघत सावकाश उघडायची. सुरुवातीला पाचच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. काहींना यानं मळमळतं किंवा आग वाढते. अशांनी आरसा बाजूला ठेवून मोबाईलवर हाताचे फोटो पाहून 'डावा की उजवा' ओळखण्यापासून सुरू करायचं, आठवडाभरानं पुन्हा आरसा. सगळ्यांना फायदा होतो असं नाही, पण ज्यांना होतो त्यांची रात्र बदलते.

घरगुती उपायांवर आम्ही इथे मुद्दाम थांबतो, कारण दुरुस्त करता येण्यासारखी इजा तिथे कायमची होते. बिब्बा. गुडघ्याला, कमरेला आपल्याकडे बिब्बा घालतात, तसा तो लुळ्या हातालाही घातला जातो. साध्या हाताला चटका बसला की माणूस ओरडतो. हा हात ओरडत नाही. दुसऱ्या दिवशी फोड, चौथ्या दिवशी जखम, आणि मग ती दोन-दोन महिने भरत नाही. तापलेल्या विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, डाग देणं, हाडवैद्याकडून जोरात ओढून घेणं, हे सगळं त्याच माळेतलं. 'करू नका' म्हणून भागत नाही, दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं : सुती कापडात गुंडाळून ऊब धरा, थंडीत लोकरी हातमोजा घाला, मालिश करायचीच तर हलक्या हातानं खोबरेल तेल लावा, दाबू नका. परभणी-हिंगोलीकडे डिसेंबरात पारा घसरला की वेदना वाढते आणि लोक शेकोटीला बसतात. हात शेकोटीपासून दूर, अंगाशी धरून बसायला सांगा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची टाकी, लोखंडी खाट, गाडीचा सायलेन्सर, चहाचा पेला, विझत आलेली बिडी, यांचा चटकाही या हाताला कळत नाही. सकाळ-संध्याकाळ दोनदा हात डोळ्यांनी तपासायचा, बोटांच्या मधल्या फटींसकट.

झोळीचीही तीच गत. उपरण्याची गाठ मानेवर बांधली की सगळा भार मानेवर येतो आणि मनगट कापडाच्या कडेबाहेर लोंबतं, म्हणून पंजा सुजतो. पट्टा पाठीमागून तिरपा नेऊन दुसऱ्या खांद्यावर घ्या, कापड बोटांच्या मुळापर्यंत न्या, पंजा कोपरापेक्षा किंचित वर ठेवा. खांद्याचं हाड खाली घसरू नये म्हणून झोळी हवीच, पण दिवसभर नाही. दिवसातून तीनदा काढायची आणि घरच्या माणसानं एका हातानं कोपराच्या वर, दुसऱ्यानं मनगटाला धरून सांधे हलवायचे, प्रत्येक हालचाल दहा वेळा. बोटं धरून हात उचलायचा नाही. सर्वांत आधी जी हालचाल जाते तीच सर्वांत जास्त विसरली जाते : कोपर अंगाला चिकटवून, नव्वद अंशांत वाकवून, पंजा बाहेरच्या बाजूला नेणं. ती गेली की पुढे नस परत आली तरी खांदा उघडत नाही. बोटांची मूठ वळवणं आणि अंगठ्याची बेचकी उघडणं हेही रोज. शस्त्रक्रिया झालेली असेल तर मात्र सर्जननं सांगेपर्यंत हात हलवायचा नाही. रात्री हाताखाली उशी, झोप पाठीवर किंवा चांगल्या कुशीवर.

भीतीकडे येतो. ती एक नसते. हलवलं तर आणखी तुटेल ही भीती पहिली. तिच्यामुळेच व्यायाम बंद पडतो. 'सळक म्हणजे नवी इजा नव्हे,' हे एक वाक्य तुम्ही तोंडानं बोललात तरी व्यायाम सुरू होतात. दुसरी रस्त्याची. हॉर्न वाजला की दचकणं, अपघात स्वप्नात येणं, गाडीवर मागे बसायलाही नकार. पहिल्या महिन्यात हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकदा ओसरतं. महिना उलटून गेला तरी तसंच असेल, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे पाठवा. 'वेडाची डॉक्टरीण' असा शब्द गावात फिरण्याआधी तुम्हीच सांगा की अपघातानंतर हे उपचार रीतसर आहेत.

तिसरी भीती पोटाची, आणि ती आपल्या भागात सगळ्यांत मोठी आहे. ऊसतोडीला जोडपं जातं, त्या जोडप्यालाच एक कोयता म्हणतात. दसऱ्याच्या सुमारास उचल घेतलेली असते. हात गेला की कोयता अर्धा होतो, उचल मात्र पूर्ण फेडायची असते. मळणीयंत्रात हात ओढला गेलेल्यांचंही तेच. अशा माणसाला 'विश्रांती घ्या' म्हणणं म्हणजे त्याला रात्रंदिवस आगीसमोर बसवून ठेवणं, कारण रिकाम्या वेळात ही वेदना वाढते. एका हातानं होणारं काम द्या : बियाणं निवडणं, दुकानाचा गल्ला, हिशेब. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं थांबा. दुचाकी मात्र नाही. ज्यांच्या नावावर शेती आहे त्यांना आणि त्यांच्या घरातल्या एकाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात निकामी झाल्यास १ लाखाची मदत आहे. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. नस परत येईल की नाही हे ३० दिवसांत कुणीच सांगू शकत नाही. म्हणून निदान अपघाताची नोंद आणि आजची ताकद लेखी द्या, 'नंतर या' म्हणू नका. सातबारा नसलेल्या ऊसतोड मजुराला ती योजनाही नाही, हे आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

जगण्याचा कंटाळा आलाय का, हा प्रश्न दर भेटीत विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही. 'हो' म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना वेगळं बोलवून घरातली फवारणीची औषधं त्या दिवशीच दुसऱ्याच्या कुलपात ठेवायला सांगा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक गोळ्यांच्या पाकिटावर पेननं लिहून द्या. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

'हात कापून टाका' असंही रुग्ण म्हणतात. रागावू नका, पण होकारही देऊ नका. आग मज्जारज्जूत आहे. हात कापला तरी ती तिथेच राहते. औषधांना वर्षभर खरंच दाद मिळाली नाही, तर मज्जारज्जूतल्या त्या पेटलेल्या भागावर मोठ्या न्यूरोसर्जरी केंद्रात शस्त्रक्रिया होते. तिला धोके आहेत, त्याच बाजूचा पाय अशक्त होण्याचा धरून. पण तो रस्ता आहे हे रुग्णाला माहीत असावं.

आणि घड्याळ. नस दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. मानेपासून पंजा साठ-सत्तर सेंटिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. स्नायू मात्र नसेची वाट वर्ष-दीड वर्षच पाहतो. म्हणूनच सर्जन पंजाआधी कोपर आणि खांदा वाचवतात. फासळ्यांमधली किंवा मानेतली दुसरी नस वळवून आणतात. फक्त सी-५, सी-६ गेलं असेल तर पंजाकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक धागा कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडतात. ही पद्धत १९९४ पासून आहे. हे सगळं तीन ते सहा महिन्यांच्या आत झालं तर उपयोग. नऊ महिन्यांनंतर दार वेगानं बंद होत जातं. 'सहा महिने वाट पाहा, आपोआप येईल' या सल्ल्यानं जेवढे हात गेले तेवढे अपघातानंही गेले नसतील, असं आमचं मत आहे. आणि 'हात मेला, विसरा' हाही तेवढाच वाईट सल्ला. नस चाचणी आणि एमआरआय तीन-चार आठवड्यांनी करा. नस चाचणी त्याआधी केली तर निकाल फसवा येतो. तीन महिन्यांत कोपर वाकायला लागलं नसेल तर रुग्ण सर्जनसमोर हवा. मुळं उपटल्याची शंका असेल तर तीन महिनेही थांबू नका.

देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर बसून मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या हातात तुमची चिठ्ठी असते. 'पुढील उपचारांसाठी पाठवत आहोत' एवढीच ती असली तर तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं, आणि बऱ्याचदा नवी तारीख मिळते. आमची विनंती आहे की तीत हे असावं : अपघाताची तारीख, खांदा, कोपर, मनगट, बोटं यांची महिन्या-महिन्याची ताकद, पापणी आणि बाहुली, टकटक केल्यावर मुंग्या कुठे उतरल्या, वेदना दहापैकी किती, रात्री किती, कोणतं औषध, किती मात्रेपर्यंत, किती दिवस, झोप किती तास, आणि जगण्याबद्दलच्या प्रश्नाला त्यानं काय उत्तर दिलं. याचा छापील नमुना मराठीत करून हवा असेल तर आम्ही देतो. आठवड्यातला एक ठरावीक वार अशा रुग्णांसाठी ठेवला, तर त्या दिवशी येऊन तुमच्या फिजिओथेरपिस्टला झोळी बांधणं आणि पट्ट्या लावणं दाखवायला आम्ही तयार आहोत. आरसा मात्र आधीच आणून ठेवा.

आपले,
हाताच्या नसांच्या इजेवर काम करणारे
मराठवाड्यातील फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वेदना-उपचारांचे डॉक्टर